वाराच्या दिवशीचा चेहरा

निपाणी, २ जून

डॉ. पूर्णिमा मॅडम यांस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मनात नाही.

तुमची दोन ओळींची ई-मेल मिळाली. ‘विभागाने सर्व पर्यायांचा विचार करून मनगटी पट्ट्यांची निवड केली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ झालं. सबंध उन्हाळा मी तंबाखूच्या वखारीवरच्या या खोलीत शिंका देत तुमच्यासाठी राबलो, त्याचे हे आभार.

वडगावात घरात पॉवरलूम चालवणाऱ्या बायकांचं मन दिवसभरात कसं वर-खाली होतं ते जागच्या जागी टिपायचं, ही कल्पना तुमची. संध्याकाळी विचारलं की माणूस सकाळचं विसरतं नाहीतर सजवून सांगतं, हेही तुम्हीच मला शिकवलंत. मी म्हटलं, सोपं आहे. बाईचा फोन वाजेल, माझा रेकॉर्ड केलेला आवाज विचारेल, ‘आत्ता मन कसं आहे?’ बाई बोलेल, आणि ती बोलली त्याच मिनिटाला ते आमच्या कॉम्प्युटरवर येईल. लिहिणं-वाचणं नको, महागडा फोन नको, मराठी-कन्नड दोन्ही चालतं. पहिली चाचणी इथूनच, माझ्याच आईच्या आणि आमच्या आळीतल्या बायकांच्या फोनवर घेतली. तुम्ही स्वतः निपाणीला येऊन मान डोलावून गेलात.

आणि आता बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीचा रबरी पट्टा. त्यावर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. हाताला थरथरलं की बाईनं त्यातला एक दाबायचा. अंगणवाडीतल्या पोरांना शोभेल असला खेळ तुम्ही शास्त्र म्हणून निवडलात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

तुमचा नंबर मी ब्लॉक केला आहे. फोनवर तुम्ही वर्गात बोलावं तसं बोलता आणि मला मधे तोंड उघडू देत नाही. यापुढे जे काही असेल ते कागदावर, पोस्टाने. लेखी असलेलं बरं.

आशिष


बेळगाव, ६ जून

आशिष,

वर ‘चि.’ लिहिणार होते, पण मॅडम म्हणणाऱ्याला चिरंजीव कसं म्हणायचं? मी तुझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. तुझं शेंबडं नाक पुसलेलं आहे मी. तेव्हा ते ‘तुम्ही’ आणि ‘मॅडम’ तुझ्याकडून फोनची यंत्रं घेणाऱ्या दूध संघवाल्या गिऱ्हाइकांसाठी ठेव.

माणसांचं मन मिनिटामिनिटाला मोजायला निघालेले आपण दोघे, आणि भांडायला स्पीड पोस्ट. हे तुलाच सुचू शकतं.

तुला कारणं हवी होती ना? मग ऐक. माग सुरू असला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथे तुझ्या फोनची रिंग कोण ऐकणार? ऐकली तरी बाईनं मोठ्याने बोलायचं. एका बाजूला सासू कांड्या भरत बसलेली, दुसऱ्या मागावर नवरा, आणि ही सांगणार की मला आत्ता सगळ्यांचा वीट आलाय? तू कधी कुणाची सून झाला नाहीस, म्हणून तुला हे सोपं वाटतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण तुझा आवाज. बेंगळूरच्या बाईचा आवाज घे म्हणून मी सांगत होते, तर तुला स्वतःचाच गळा हवा होता. झालं काय? बायका प्रश्नाला उत्तर देईनात, रुक्माबाईच्या आशिषशी बोलायला लागल्या. तुमच्या शेजारच्या अक्काताईंनी तर निपाणीहून येताना तंबाखूची पुडी आण म्हणून सांगितलं. त्याला मी मनाची नोंद म्हणू?

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार नाही, घेच. पण गेल्या आषाढापासून ज्या घरात पाय ठेवला नाहीस, तिथे नुसता आवाज पाठवून दिवसातून चारदा ‘मन कसं आहे’ विचारायला तुला काही वाटलं नाही का? मावशी माग विकून तुझ्याबरोबर निपाणीला राहायला आली नाही, एवढाच तिचा गुन्हा. पोर चाळिशीकडे झुकलं तरी रुसवा अजून पाळण्यातला.

पट्टे आले आहेत. सोमवारपासून बांधतोय.

पूर्णिमा


निपाणी, ११ जून

डॉ. पूर्णिमा मॅडम,

गिऱ्हाइकांना मी तुम्हीच म्हणतो. तुम्ही माझ्या गिऱ्हाईक होतात.

सासूसमोर बाई बोलत नाही म्हणता. मग बटण दाबताना सासू आंधळी होते काय? पट्ट्यावर रडका चेहरा लांबून दिसतो. शब्द निदान हळू बोलता येतो.

रिंग ऐकू येत नाही तर फोनही थरथरतो. कमरेला खोचून ठेवला तर कळतं. माझ्या यंत्रणेत खोट काढायची होती, तुम्ही काढलीत. नाचता येईना आणि अंगण वाकडं.

आता माझा प्रश्न, आणि याला उत्तर द्या. तुमचा पट्टा माहिती पाठवत नाही, साठवतो. शनिवारी तुमच्या विद्यार्थिनी घरोघरी जाऊन ती उतरवून घेणार. एखाद्या बाईनं सोमवारी सगळ्यात रडका चेहरा दाबला, बुधवारी दाबला, गुरुवारी दाबला, तर तुमच्या हातात ते पडणार शनिवारी आणि तुम्ही बघणार कधी, देव जाणे. बैल गेला आणि झोपा केला, यातलं हे शास्त्र. त्या त्या क्षणी विचारायचं आणि त्या क्षणी बघायचं नाही, मग विचारता कशाला? माझ्याकडे तेवढं तरी होतं. कुणी फार वाईट बोललं की लगेच एका माणसाला फोन जायची सोय मी करून ठेवली होती. तुम्ही ती वापरून बघितली नाहीत.

आवाजाबद्दलही सांगतो. चाचणीत आई माझ्या रेकॉर्डला म्हणाली, ‘बरं हाय. तू जेवलास काय?’ तुम्ही त्यापुढे ‘निरुपयोगी उत्तर’ असा शेरा मारून ते वगळलंत. माझ्याकडे ते अजून आहे. मी पुसलेलं नाही.

सौम्या परवा बेळगावला गेली होती, वडगावात सासूकडे डोकावून आली. आईच्या हातात निळा पट्टा बघितल्याचं सांगत होती. तेव्हा आई तुमच्या अभ्यासात आहे. ती काय दाबते ते मला कळलं पाहिजे. मी तिचा मुलगा आहे. दर शनिवारची तिची नोंद मला पाठवा.

आशिष


बेळगाव, १६ जून

आशिष,

नोंद मिळणार नाही. या शनिवारची नाही, कुठल्याच शनिवारची नाही. मुलाला नाही, नवऱ्याला नाही, देवाला नाही. नावांच्या जागी क्रमांक आहेत, कुठली बाई कोण ते मलाही दिसत नाही. काही धोका वाटला तर संशोधनाच्या नीती-समितीला विचारून एखादं नाव उघडता येतं, एरवी नाही. तुझ्यासारखे मुलगे असतात म्हणूनच हे नियम केलेत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लगेच माहिती येणं आणि लगेच कुणीतरी बघणं या दोन गोष्टी आहेत. बघायला माणूस लागतो. माझ्याकडे दोन विद्यार्थिनी, त्यांच्याही परीक्षा तोंडावर. तुझ्या यंत्रातून फोन गेला असता, पण उचलायला कोण बसणार होतं? तू? तू स्वतःच्या आईचा फोन उचलत नाहीस. बघतो म्हणून सांगायचं आणि बघायचं नाही, त्यापेक्षा बघत नाही असं सरळ सांगितलेलं बरं. मी बायकांना तेच सांगितलं. हे कुणालाही दिसणार नाही. जीव फार घाबरा झाला तर हा नंबर, इथे फोन करा, पट्ट्यावर विसंबू नका.

मावशीला मी स्वतः वाचून दाखवलं, माग थांबवून, समोर बसून. ‘ही माहिती कुणालाही दाखवली जाणार नाही,’ हे वाक्य दोनदा. तिने मान हलवली, सही केली आणि पट्टा जरा घट्ट हाय म्हणाली. तेव्हा मला तिच्या नावाने शिकवू नकोस.

तिचं मन कळावं अशी एवढी तळमळ असेल तर निपाणी स्टँडवरून बेळगावची बस सुटते. वडगाव तिथून पुढे रिक्षाने. एवढी यंत्रणा पुरते.

पूर्णिमा


बेळगाव, १४ जुलै

आशिष,

महिनाभर तुझं पत्र नाही, म्हणजे उत्तर सुचलेलं नाही असं मी धरते. मीही लिहिणार नव्हते. पण ज्याला तू अंगणवाडीचा खेळ म्हणालास तो काय बोलला हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एवढी मी वाईट आहे.

मंगाईदेवीच्या यात्रेआधी पाळायचे वार सुरू झाले तसे वडगावातले माग मंगळवार-शुक्रवार बंद राहू लागले. दळण नाही, धुणं नाही, धोटा हलत नाही. मला सुरुवातीला वाटलं, आली का पंचाईत, नोंदी बिघडणार. तर झालं उलटंच. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकांचे चेहरे असे खुलतात की आलेखावर डोंगर उभे राहतात. बाकीच्या दिवशी सपाट. माग थांबला की मन उमलतं, इतकं स्वच्छ मी पुस्तकातही बघितलं नव्हतं. एक बाई तर अशी आहे की इतर सगळ्या दिवशी खालचा, अगदी शेवटचा रडका चेहरा, आणि वाराच्या दिवशी थेट हसरा. मधले तीन चेहरे तिने कधी शिवलेच नाहीत. विश्रांतीचा परिणाम दाखवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पुढच्या महिन्यात धारवाडला परिषद आहे, तिथे मी हेच मांडणार आहे. शीर्षकही ठरलंय. तुझ्या आवाजी यंत्रातून हे कधीच निघालं नसतं, तंबाखूच्या पुड्या तेवढ्या निघाल्या असत्या.

बावीस तारखेला, मंगळवारी यात्रा आहे. मावशीने तुला बोलवायला सांगितलेलं नाही, उगाच फुगू नकोस. मी आपणहून विचारलं, आशिषला कळवू का? ती म्हणाली, ‘त्येला समदं म्हाईत हाय.’ यात्रेची तारीख तुला माहीत असणारच, म्हणून जास्त काही बोलले नाही.

पूर्णिमा


निपाणी, १६ जुलै

डॉ. पूर्णिमा मॅडम,

तुमचं पत्र वाचून आधी हसलो. मग सौम्याला वाचून दाखवलं. ती हसली नाही, तेव्हा माझंही हसू गेलं.

तुमचं लहानपण टिळकवाडीत गेलं, वडगावला तुम्ही यात्रेचं मटण खायला येत होतात. वाराच्या दिवशी आमच्या आळीतल्या बायका कशा असतात ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. वाराच्या दिवशी रडायचं नाही. कुरकुर करायची नाही, कुणी विचारलं कसं आहे तर बरं आहे म्हणायचं, तोंड हसरं ठेवायचं. देवी दारावरून जाते, तिला घरात रडगाणं ऐकू जाता कामा नये. आमच्या आईनं आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी हा नियम जन्मभर पाळलाय. लहानपणी मंगळवारी पडून गुडघा फुटला तर आई माझं तोंड दाबून धरायची आणि बुधवारी रड म्हणायची.

मी घर सोडून निपाणीला आलो तो मंगळवारच होता, आषाढातला. आदल्या दिवशी आम्ही भांडलो होतो. मी तिला नको ते बोललो, मागाशीच लग्न लावून रहा म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी निघताना तिनं हसत हसत डबा हातात दिला. तुमच्या पट्ट्यात तो हसरा चेहरा म्हणून नोंदला गेला असता. विश्रांतीचा परिणाम.

मंगळवार-शुक्रवार काढून टाका आणि मग तुमचा डोंगर कुठे राहतो ते बघा. धारवाडला जायच्या आधी बघा. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस असेल तर नका बघू.

आणि ती एक बाई. वार सोडून रोज शेवटचा चेहरा दाबणारी. तुम्हाला ते उदाहरण दिसलं. कुणीतरी रोज रडतंय, हे दिसलं नाही. ती बाई कोण हे मला विचारायचं नाही, नियम आहे. पण एवढं सांगा, आई ‘त्येला समदं म्हाईत हाय’ म्हणाली म्हणजे काय? मला काय माहीत आहे? मला काहीच माहीत नाही.

आशिष


बेळगाव, शनिवार, १९ जुलै

आशिष,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वाचून फाडणार होते. मग कॉम्प्युटर उघडला आणि मंगळवार-शुक्रवार काढून बघितले. डोंगर गेला. काही उरलं नाही. धारवाडला कळवून मी माझं नाव काढून घेतलं. तुला आनंद होणार असेल तर होऊ दे, मला आता त्याची फिकीर नाही.

ती एक बाई राहिली. समितीची परवानगी घेऊन काल मी त्या क्रमांकामागचं नाव उघडलं. मावशी आहे. हे तुला सांगायची मुभा मला काल नव्हती. आज आहे, कारण आज मी वडगावला जाऊन आले आणि तिने स्वतः मला तुला सांगायला सांगितलं. आधी एवढं वाच की ती नीट आहे. जेवते, माग चालवते, जिवाचं काही बरंवाईट करण्याचं तिच्या मनात नाही. मी स्पष्ट विचारून खात्री केली. म्हणून हे पोस्टाने. तुला फोन लागत नाही हे तुझंच कर्तृत्व.

मी गेले तेव्हा माग सुरू होता. तिने बंद केला. मी म्हटलं, मावशी, तू रोज शेवटचा चेहरा का दाबतेस? ती माझ्याकडे बघत राहिली, जशी काही मीच वेडी आहे. मग म्हणाली, ‘आशिषला दिसावं म्हणून.’

आशिष, तिला वाटत होतं हे तुझंच यंत्र आहे. आधी फोनवर तुझा आवाज यायचा, मग मी पट्टा घेऊन गेले. तिने धरलं की आशिषचं यंत्र लहान झालं. मी म्हटलं, अगं मी वाचून दाखवलं होतं, कुणालाही दिसणार नाही म्हणून, दोनदा. तर ती म्हणाली, ‘कुणाला म्हंजे लोकास्नी. आशिष काय लोक हाय?’

 

पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते, मी त्यात काही घालत नाही. ‘तोंडानं ये म्हणायचं न्हाय असं ठरिवलतं म्या. त्यो बोलून गेलाय, म्या कशाला बोलवू? पण बटनानं म्हटलं तर त्यात काय कमीपणा न्हाय. म्हणून दाबत हुतो. वाराच्या दिवशी तेवढं हसरं दाबलं, देवीसमोर रडायचं नसतंय. बाकी रोज त्येला सांगितलं. रोज. त्येनं बघिटलं आणि आला न्हाय.’

ऐकलंस? तुझी आई सव्वा महिना असं धरून बसली आहे की तिचं रडणं तुला निपाणीत रोज दिसत होतं आणि तू कूस बदलून झोपत होतास. मी सांगितलं, मावशी, त्याला दिसत नव्हतं, ते माझ्याकडे साठत होतं आणि मीही बघितलं नाही. तिला पटलं नाही. तू त्येची बाजू घेतीस म्हणाली. तुझी बाजू घेतल्याचा आरोप माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा झाला.

तू म्हणशील, माझं यंत्र असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. कळलं असतं. हे वाक्य लिहायला मला किती जड गेलं ते सांगत नाही. पण तिला तुझ्याशी बोलायला बटण शोधावं लागलं, ते कुणामुळे? त्याचं खापर बेंगळूरच्या कंपनीवर फोडू नकोस, माझ्यावरही नको. मी पट्टा काढून आणणार होते. तिने हात मागे घेतला, काढू दिला नाही.

मी सांगून तिला पटणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल, आणि फोनवर नाही, तिला तुझ्या आवाजाचा आता भरवसा राहिलेला नाही.

पूर्णिमा


वडगाव, २४ जुलै

आक्का,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. मंगळवारी पहिल्या बसने आम्ही दोघं निघालो. हे पत्र आईच्या घरातून लिहितो आहे. तू इथून किती लांब राहतेस ते मला माहीत आहे, पण समोर आलो असतो तर भांडलो असतो आणि हे सांगायचं राहिलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. आई चुलीपाशी होती. मला बघून हसली. ‘आलास? हातपाय धू,’ म्हणाली आणि रश्श्यात मीठ टाकायला वळली. दिवसभर हसत होती. पाहुण्यांना वाढत होती, सौम्याला नवीन साडी नेसवून देवळात घेऊन गेली, माझ्या ताटात मटणाचे तुकडे शोधून शोधून टाकत होती. एकदा जेवताना पट्टा थरथरला. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्यादेखत हसरा चेहरा दाबला.

खोटं कशाला बोलू, मला तुझा राग आला. वाटलं, पूर्णिमानं सगळं रचून लिहिलं, हिला काही झालेलं नाही. चार वाजता मी पिशवी उचलली, म्हटलं संध्याकाळची बस धरू. सौम्या दारात आडवी उभी राहिली. एवढंच म्हणाली, ‘आज मंगळवार आहे.’

ज्या गोष्टीवरून मी तुला एवढं मोठं पत्र लिहून अक्कल शिकवली, तीच मी विसरलो होतो. गेल्या वर्षी मी तो डबा घेऊन बसमध्ये बसलो आणि मनात म्हटलं, हिला माझं काही वाटत नाही, हसते बघ कशी. एक वर्ष मी ते धरून बसलो. तुला मी पत्रात तोच मंगळवार उदाहरण म्हणून लिहिला आणि लिहितानाही मला कळलं नाही.

आम्ही राहिलो. बुधवारी सकाळी पाहुणे गेले. आई मागापाशी जाऊन बसली, पण मागाचं बटण दाबलं नाही. आळीत कुणाचाच माग अजून सुरू झाला नव्हता. मी शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, ‘आई, मला दिसत न्हवतं. पट्ट्यातलं माझ्याकडं काय बी येत न्हवतं.’

 तिनं विचारलं, ‘खरं?’ मी म्हटलं, तुझी शपथ. ती म्हणाली, ‘मग बरं झालं.’

तेवढ्यात पट्टा थरथरला. तिने तो हातातून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, ‘आता तोंडानं इचार.’

आक्का, ‘आत्ता मन कसं आहे?’ हे वाक्य मी वखारीवरच्या खोलीत एका दमात रेकॉर्ड केलं होतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिथे बसून ते माझ्या तोंडातून निघेना. शेवटी विचारलं. मग आई रडली. पदर तोंडाला न लावता, मोठ्यांदा. माग बंद होते, सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. अक्काताई दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. आई किती वेळ रडली ते मी बघितलं नाही.

निपाणीला यायला ती अजून तयार नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. शनिवार-रविवार आता इथेच. तुझा नंबर उघडला आहे, पण लगेच फोन करू नकोस. माझा राग गेलेला नाही. यंत्र कुठलं बरोबर होतं यावर आपलं भांडण बाकी आहे आणि मी ते सोडणार नाही. सासूसमोर बटण दाबण्याच्या मुद्द्याला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.

पट्टा सौम्याच्या हाती परत पाठवतो. त्यात बुधवारच्या सकाळची आईची नोंद कोरी दिसेल. कोरीच राहू दे.

आशिष